मुक्ताबाईचा एजंट

नानासोला मळवाडीत नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. 'बचतवाला' म्हटलं की पुरे. अल्पबचतीचा सरकारी एजंट. खांद्याला खाकी पिशवी, हातात सायकल आणि पोस्टाच्या सगळ्या योजना तोंडपाठ. कराडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात कुणाचं उसाचं बिल आलं, कुणी म्हैस विकली, कुणाच्या पलटणीतल्या पोराच्या मनिऑर्डरी साठल्या, की माणूस आधी नानासोच्या ओसरीवर यायचा आणि मग पोस्टात जायचा.

आणि खोटं कशाला बोला, धंद्याला माणूस चोख होता. साताऱ्याला एजंटांचं शिबिर झालं होतं. तिथं एका म्हाताऱ्या साहेबानं सांगितलेलं त्यानं मनात पक्कं धरलं होतं. पिशवीतनं कागद काढायच्या आधी समोरच्याला विचारायचं, बाबा, हा पैसा कशासाठी ठेवतोयस आणि परत कधी लागणार. हे कळल्याशिवाय जो सल्ला देतो तो एजंट नव्हे, नुसता कागद भरणारा कारकून.

धोंडिरामचंच घ्या. गडी बैलजोडी विकून पैसे घेऊन आला आणि ओसरीवर मांडी घालून म्हणाला, "सगळ्यात जास्त याज कशात हाय त्यात घाल."

"सात वर्सांच्या सर्टिफिकिटात हाय. पर पोरीचं लगीन कवा काढलंयस?"

"म्होरल्या वैशाखात."

"मग सात वर्सांचं तुला काय करायचंय? नवऱ्या मुलाला सात वर्सं मांडवात बसवून ठेवणार हायस व्हय? पासबुकात टाक. पायजे तवा काढ."

"आरं, पर तुझं कमिशन बुडतंय की."

"बुडू दे. उद्या तू दारात येऊन शिव्या घालशील, त्यापरीस बरं."

बसलेली माणसं हसली. असल्या गोष्टी गावात फिरतात आणि माणसाचा शब्द चालायला लागतो. नानासोचा शब्द चालत होता. आता अशा माणसाच्या स्वतःच्या घरात काय झालं ते बघा.

त्याचा धाकटा भाऊ हंबीरराव पलटणीत होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो लढाईत गेला. आधी तार आली, मग त्याची ट्रंक आली, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच्या बायकोच्या, मुक्ताबाईच्या नावानं नऊ हजार रुपये आले. तिला एकच मुलगी, सुला. घरात नानासोची आई राहीबाई. नानासोची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती आणि त्यानं पुन्हा लग्न केलं नव्हतं. म्हणजे एका छपराखाली बिनबायकोचा दीर आणि बिननवऱ्याची भावजय. गावाला बोलायला एवढं पुष्कळ होतं.

थोरल्या दिरासमोर भावजयीनं यायचं नाही, बोलायचं तर नाहीच, ही रीत तेव्हा घरोघर होती. राहीबाईच्या घरात ती जरा जास्तच होती. मुक्ताबाईला काही सांगायचं असलं की ती माजघराच्या दाराआड उभी राहायची आणि म्हणायची, "आत्याबाई, त्यास्नी सांगा, पेंड संपली." नानासो तिथंच ओसरीवर बसलेला असायचा. त्याला शब्द न् शब्द ऐकू यायचा, पण तो हूं की चूं करायचा नाही. मग राहीबाई त्याच्याकडं तोंड करून म्हणायची, "नाना, पेंड संपली बघ." तेव्हा कुठं नानासोला पेंड संपल्याचं कळायचं. आईनं सांगितलं नाही ते बोललंच गेलं नाही, असं धरून चालायचं. इतकी वर्षं एका चुलीवरचं जेवून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती, आणि यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

पैसे आले तेव्हा मार्च संपत आला होता. तालुक्यात सगळ्यात जास्त बचत गोळा करणाऱ्या एजंटाचा साताऱ्यात मोठा सत्कार होणार होता, आणि नानासोला पहिल्या नंबराला आठ हजार कमी पडत होते. भावजयीचे नऊ हजार घरातच होते. आता कुणी म्हणेल, लोभ सुटला. अगदी तसंही नव्हतं. भाऊबंद टपून बसले होते. एकाला विहिरीला पैसे पाहिजे होते, दुसऱ्याला इंजिनाला. सर्टिफिकिटात घातले की सात वर्षं कुणाचा हात पोचायचा नाही, पोरीच्या लग्नाला चांगली रक्कम होईल, असं तो स्वतःला सांगत होता आणि ते खरंही होतं. पण सत्काराची शाल डोळ्यांपुढनं हलत नव्हती, हेही तेवढंच खरं होतं.

त्यानं कागद भरले आणि आईच्या हातात दिले. "फुली मारलीय तिथं सही कर म्हणावं. सात वर्सांत चांगलं याज येतंय."

राहीबाई आत गेली. नानासो सुपारी कातरत बसला. आणि दाराआडनं मुक्ताबाईचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बाहेर नीट पोचेल असा.

"आत्याबाई, त्यास्नी इचारा, मधीच लागलं तर ह्ये पैशे मिळत्यात का. कराडात हरणाबाई दोन खोल्या इकतीया. तिच्या पोराला कुपवाडला कारखान्यात काम लागलंय, ती तिकडं जाणार हाय. सहा हजाराला देती म्हणाली. सुलीची साळा हितं सातवीपतूर. म्होरं शिकवायची तर कराडात जागा पायजे. पावसाळ्यात रोज वढा वलांडून पोरगी जाईल कशी?"

पैसा कशासाठी पाहिजे आणि कधी पाहिजे. अख्ख्या गावाच्या घशात हात घालून नानासो जे काढून घ्यायचा, ते इथं न विचारता समोर आलं होतं. आणि उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पहिली तीन वर्षं ही सर्टिफिकिटं मोडता येत नाहीत. खोल्या घ्यायच्या असतील तर यात एक रुपया घालू नको. धोंडिरामला सांगितलं तसं एवढंच सांगायचं होतं.

राहीबाई बाहेर आली. "करती सही. वाईच दम धर," म्हणाली. खोल्यांचं नाव नाही, शाळेचं नाव नाही. विधवा सून घर सोडून कराडात वेगळी राहणार, हे तिच्या कानाला सोसणारं नव्हतंच. तिनं ते जागच्या जागी गिळलं.

नानासोनं नुसतं "काय म्हणत हुती?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. त्यानं विचारलं, "आत शाई हाय का?"

शाई होती. दिरानं ऐकूनही नको म्हटलं नाही, म्हणजे लागले की मिळतील, असं धरून मुक्ताबाईनं सही केली. नानासो तालुक्यात पहिला आला.

दिवाळीच्या आधीच हरणाबाईच्या खोल्या एका तेलाच्या व्यापाऱ्यानं घेतल्या. ही बातमी नानासोला कराडच्या बाजारात कळली, आणि त्या दिवशी त्याला घरी जायची लाज वाटली. कुणी काही बोललं नव्हतं. दारातनं आत येताना त्यानं मुद्दाम खाकरायचं टाळलं, कारण खाकरलं की आत भांड्यांचा आवाज थांबायचा आणि मग ती शांतता त्याला नको वाटायची. आता दाराआडनं निरोपही येईनासे झाले. पेंड संपली तर सुला येऊन सांगायची, "मोठे बाबा, पेंड संपली," आणि पळायची. पोरगी सातवीत गेली होती, वर्गात पहिली दुसरी यायची. राहीबाई उठता बसता म्हणत होती, "सातवी झाली की बास झालं. वैशाखात पोरगं बघायला लागू." तासगावकडचं एक स्थळ तिनं मनात धरलंही होतं. पोरगी तेरा वर्षांची. नानासो ऐकायचा आणि ताटातली भाकरी मोडत बसायचा.

त्यातच एक दिवस धोंडिराम लाडू घेऊन आला. पोरीचं लग्न झालं होतं. "तू इचारलंस म्हणून निभावलं गड्या. न्हाईतर पैसा अडकून बसला असता आनि मी सावकाराच्या दारात." त्यानं जबरदस्तीनं लाडू नानासोच्या तोंडात कोंबला. नानासोनं तो तोंडात धरला, धोंडिराम गेल्यावर उठून परसात जाऊन थुंकला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. गावाला शहाणपण विकायचं आणि घरात बहिऱ्याचं सोंग घ्यायचं. लोक "नानासो, तुमीच सांगा" म्हणायचे तेव्हा त्याला ओसरीखाली जाऊन बसावंसं वाटायचं.

सत्कार लांबत लांबत त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात ठरला. बचत खात्याच्या साहेबांचा निरोप आला की जवानाच्या पत्नीनं नऊ हजार बचतीत घातले ही मोठी गोष्ट आहे, त्यांनाही व्यासपीठावर आणा. नको म्हणायला काही कारण सापडेना. राहीबाईचे गुडघे धरले होते, ती घरी राहिली. एसटीत मुक्ताबाई आणि सुला बायकांच्या सीटवर बसल्या, नानासो पार मागं.

साताऱ्यात हॉल भरलेला होता. हार, नारळ, शाल, सगळं झालं. एका साहेबानं भाषणात सांगितलं की या सर्टिफिकिटांना पहिली तीन वर्षं हात लावता येत नाही, म्हणूनच बचत टिकते. नानासोनं चोरून बघितलं. मुक्ताबाईनं डोक्यावरचा पदर जरा मागं सारला होता आणि ती मान वर करून ऐकत होती. तिला हे आज, इतक्या लोकांत, परक्या माणसाकडनं कळत होतं. नानासोच्या गळ्यातला हार त्याला टोचायला लागला.

मग साहेबांनी माइक तिच्यापुढं धरला. "ताई, हे पैसे तुम्ही कशासाठी ठेवलेत, दोन शब्द सांगा."

मुक्ताबाईनं मान खाली घातली. साहेब हसले. "लाजतायत. नानासो, तुमच्या घरातल्याच ना? तुम्हीच विचारा त्यांना."

सगळा हॉल बघत होता. नानासोनं माइककडं बघून, घसा खरवडून विचारलं, "पैशे कशासाठी ठेवल्यात?" जो प्रश्न मळवाडीतल्या प्रत्येक माणसाला विचारला तो या बाईला विचारायला त्याला सातारा गाठावा लागला होता.

मुक्ताबाई साहेबांकडं वळून म्हणाली, "त्यास्नी ठावं हाय सायेब. मी दाराआडनं सांगितलं तवा त्यांनी समदं ऐकलंय."

साहेब खूश झाले. "पाहा मंडळी. एजंट असा पाहिजे. घरातली बाई दाराआडनं बोलते तेही तो ऐकतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. नानासो हात जोडून उभा राहिला. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस. कुणीतरी टाळ्या थांबवाव्यात एवढंच त्याला वाटत होतं.

परतीच्या गाडीत त्यानं वाक्य जुळवलं. आई, चूक माझी झाली, पोरीला शिकवायची आहे, लग्नाचं काढू नको. उंब्रजला त्यानं ते मनात म्हटलं, कराडला म्हटलं, गावच्या वाटेवर, स्टँडवर ठेवलेली सायकल ढकलत नेताना म्हटलं. सांजवेळेला घरी पोचले. राहीबाई ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"कसा झाला रं कार्यक्रम?"

"झाला. चांगला झाला," नानासो म्हणाला आणि शाल घडी घालून खाटेवर ठेवली. जुळवलेलं वाक्य तोंडातल्या तोंडात विरून गेलं.

मुक्ताबाई कडेनं आत गेली होती. ती पुन्हा बाहेर आली. पदर नीट घेतला, उंबरा ओलांडला आणि ओसरीवर, दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. मागं दारात सुला होती.

"आत जा," राहीबाई म्हणाली. "थोरला दीर बसलाय, दिसत न्हाई व्हय?"

"दिरासंगं बोलायला न्हाई आले मी, आत्याबाई. माझ्या एजंटासंगं बोलायला आले."

राहीबाईचा तेलाचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. मुक्ताबाई नानासोकडं बघत होती. त्याला तिचा चेहरा असा समोरून कधी दिसलाच नव्हता. कपाळावर एवढ्या आठ्या असतील असं त्याला वाटलं नव्हतं.

"सही घेतली तवा तीन वर्सं पैशे मोडत न्हाईत, ह्ये मला का सांगितलं न्हाई?"

नानासोनं खाटेवरची शाल उचलून परत खाली ठेवली.

राहीबाईच मधे पडली. "त्याला काय ठावं तुझ्या मनातलं? त्यो बाहीर बसला व्हता. त्याच्या कानावर आलंच नसंल."

किती सोपं होतं. आईनं वाट करून दिली होती, नुसती मान हलवायची होती.

"आलं व्हतं," मुक्ताबाई म्हणाली. "मी बोलाया लागले तशी सुपारी कातरायची थांबली. माझं बोलून झालं तवा परत आडकित्ता वाजला."

"नाना?" राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"ऐकलं व्हतं आई," नानासो म्हणाला. "समदं ऐकलं व्हतं. खोल्यांचं बी आनि साळंचं बी. मला पयला नंबर पायजे व्हता."

हे शब्द बाहेर पडले आणि त्याला जरा हलकं वाटलं. आता रडावं, पाया पडावं, काय ते करावं, आणि संपून जावं. पण मुक्ताबाईला त्याच्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "खोल्या गेल्या त्या गेल्या. जूनमधी सुलीला कराडच्या साळंत घालायची हाय. जागा भाड्यानं मिळाली तरी चालंल, पर हातात पैसा पायजे. गावातल्या मानसास्नी सांगता तसं मला सांगा. काय करू?"

नानासोनं उत्तर दिलं. त्याला आठवावंसुद्धा लागलं नाही. "सर्टिफिकिटं मोडायची न्हाईत. बँकेत तारण ठेवायची. पोस्टाचा शिक्का घ्यायचा आनि बँकेत द्यायची. त्याच्यावर कर्ज मिळतंय. याज तुझं चालूच ऱ्हातंय."

सुला दारातनं एक पाऊल पुढं आली. मुक्ताबाई मात्र तशीच उभी होती. तिनं सावकाश विचारलं, "ह्यो नियम नवा निघालाय का?"

नानासोला वाटलं, व्हय म्हणावं. साताऱ्यात आजच कळलं म्हणावं. हिला कोण सांगायला येणार आहे? लाजेचा एवढा घोट गिळून झाला होता, आणखी एक नको होता.

"न्हाई," तो म्हणाला. "जुना हाय."

"तुमास्नी कवापासनं ठावं?"

"पयल्यापासनं."

"म्हंजी हरणाबाईच्या खोल्या जायच्या आधी."

"व्हय. सही घेतली तवा बी ठावं व्हतं. सांगितलं असतं तर मी ऐकलंय ह्ये कबूल करावं लागलं असतं. म्हणून बोललो न्हाई."

राहीबाईनं तेलाची वाटी उगाचच इकडची तिकडं केली. ती सुनेला आत जा म्हणायचंही विसरली होती. ज्या घरात सून दिराशी बोलली म्हणून आकाश कोसळायला पाहिजे होतं, तिथं म्हातारी पोराकडं बघत होती आणि तिची स्वतःचीच मान खाली जात होती, कारण गिळलेला निरोप तिचाही होता.

मुक्ताबाई आत गेली. हंबीररावची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती सर्टिफिकिटं फडक्यात बांधून घेऊन आली. नानासो उठला आणि त्यानं घ्यायला हात पुढं केला.

"उद्या सकाळी पयल्या गाडीनं जाऊ," तो म्हणाला. "पोस्टमास्तर माझ्या वळखीचा हाय. दोन दिवसांत काम करून देतो."

तिनं फडकं दिलं नाही. ते तिनं पदराखाली धरलं.

"तुमी नगा येऊ. मी आनि सुली जातो. कराडात दुसरा कुणी एजंट हाय का?"

नानासोचा हात तसाच राहिला. मग त्यानं तो मागं घेतला.

"हाय. लालासाहेब म्हणून हाय. पोस्टाच्या समोरच्या दुकानात बसतोय."

"मानूस कसा हाय?"

गावातल्या कुणीही विचारलं असतं तर नानासोनं लालासाहेबाच्या दहा खोडी सांगितल्या असत्या. इथं त्याला तिच्याकडं बघवेना. जमिनीकडं बघतच तो म्हणाला, "चांगला हाय. माझ्यापरीस चांगला हाय."